मागाशेजारची खाट : सोलापूरच्या पूर्वभागातील घरगुती शुश्रूषेचा इतिहास

सोलापूरच्या आग्नेय कडेला, अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. टॉवेल, चादर, सूत, रंगाई आणि अलीकडे गणवेश-शिलाई हे तिथले मुख्य व्यवसाय. सकाळी आणि संध्याकाळी पाळी बदलते तेव्हा शहराच्या पूर्वभागातून, म्हणजे साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौक, दत्तनगर या वस्त्यांतून आणि त्याच रस्त्यावर पुढे असलेल्या कुंभारीच्या घरकुलांतून माणसे कामावर येतात. त्यांच्या घरी मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांची, लकवा झालेल्यांची आणि जन्मतः अपंग असलेल्यांची देखभाल कोण करते, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले. बदलाचे कारण दर वेळी जवळपास एकच होते. काम घरात असेल तोवर शुश्रूषाही घरात निभावली, आणि काम घराबाहेर गेले की शुश्रूषेसाठी पैसे मोजून माणूस आणावा लागला.

पूर्वभाग ही विणकरांची वस्ती. हैदराबाद संस्थानाच्या तेलंगण भागातून आलेले पद्मशाली तिथे मोठ्या संख्येने राहिले. लिंगायत, मोमीन आणि मराठी कुटुंबेही त्या धंद्यात होती. विणकराच्या घरात सर्वांत मोठी जागा मागाची. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पुरुष विणत, बायका आणि मुले कांड्या भरत, सूत उकलत, ताण्याला मदत करीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची खाट त्याच खोलीत असे, कारण दुसरी खोली बहुधा नसेच. दृष्टी अधू झालेला किंवा पाय गेलेला माणूसही रहाटाशी बसून कांड्या भरू शकत होता. तो सांभाळला जाणारा होता, तसाच धंद्यातला एक हातही होता. पाणी हवे, कूस बदलायची, उठवून बसवायचे, ही कामे माग थांबवून दोन मिनिटांत होत.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिचा सगळा भार सुना आणि थोरल्या मुली यांच्यावर पडे, आणि त्याची नोंद कुठल्याही हिशेबात होत नसे. सुताच्या धुरळ्यात, कोंदट खोलीत क्षयाचा रोगी आणि तान्हे मूल एकाच भिंतीला टेकून झोपत. तरीही एक गोष्ट खरी की, या घरांत रुग्ण दिवसभर एकटा पडलेला नसे.

घरी राहून आजाऱ्याची सेवा करणाऱ्या माणसाची सरकारदरबारी पहिली दखल घेतली गेली ती दुष्काळामुळे. १८७६ ते ७८ च्या महादुष्काळात दख्खनबरोबर सोलापूर जिल्हाही होरपळला. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्याच्या आधारे प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. खडी फोडणे, तलाव खोदणे अशा कामांवर जाऊ न शकणाऱ्यांना फुकट मदत द्यावी, असे त्यांत म्हटले होते. अशा लोकांच्या यादीत आंधळे, पांगळे आणि वयाने थकलेले होते, आणि त्यांच्या जोडीला आजारी माणसाजवळ किंवा तान्ह्या मुलाजवळ घरी राहणे ज्यांना अपरिहार्य आहे असेही लोक होते. मदत तुटपुंजी होती आणि ती मिळवण्यासाठी गावकामगारांच्या तपासणीतून जावे लागे. पण शुश्रूषा हे माणसाला बाहेरच्या कामावरून अडवणारे काम आहे, एवढे तरी त्या कलमाने मान्य केले.

सोलापुरात याच्याही पुढे एक पाऊल पडले. १८९६-९७ च्या आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळात इथल्या विणकरांना खडीच्या कामावर न पाठवता त्यांच्याच धंद्यात मदत देण्यात आली. सूत पुरवायचे आणि तयार कापड विकत घ्यायचे, अशी ती योजना होती. विणकराचा हात दगड फोडून बिघडू नये हा तिचा मुख्य हेतू. पण तिच्यामुळे कुटुंब घरातच राहिले आणि म्हाताऱ्या-आजाऱ्यांना वाऱ्यावर सोडून कामाच्या तळावर जावे लागले नाही. त्याच सुमाराच्या प्लेगच्या साथीत याच्या अगदी उलट घडले. आजाऱ्याला घरातून काढून इस्पितळात आणि संशयितांना छावणीत नेण्याच्या धोरणाने लोक इतके बिथरले की रोगी लपवून ठेवण्याकडे कल वाढला.

प्रशिक्षित परिचारिका मात्र या वस्तीत फार उशिरा पोचली. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी १८५९ मध्ये मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला गरिबांच्या घरी जाऊन सेवा करण्यासाठी नेमले, आणि त्यातून तिथे घरोघर फिरणाऱ्या परिचारिकांची व्यवस्था उभी राहिली. हिंदुस्थानात नर्सिंगची वाट रुग्णालयातून गेली. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या लेडी डफरीन निधीने स्त्रियांसाठी दवाखाने काढले. सोलापूरच्या डफरीन चौकात ते नाव अजून टिकून आहे. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासून चालू झाले, आणि या साऱ्या टापूतले रोगी तिकडे जाऊ लागले. पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये सेवासदन सुरू केले, आणि ससून रुग्णालयाच्या साहाय्याने विधवा व परित्यक्ता स्त्रियांना परिचारिका आणि सुईण म्हणून शिक्षण मिळू लागले. पुढे सोलापुरातही सेवासदनाची शाखा आली. या शिक्षणाने स्त्रियांना पगाराची नोकरी दिली, पण ती नोकरी वॉर्डातली होती. घरी नर्स बोलावणे हे डॉक्टर, वकील आणि गिरणीमालक यांच्या घरांपुरतेच राहिले. लोकांच्या मनात परक्या माणसाचे मलमूत्र काढण्याचे काम जातीशी जोडलेले होते, त्याचाही यात मोठा वाटा होता.

सोलापूरची पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये निघाली. शहर तिला आजही जुनी गिरणी म्हणूनच ओळखते. पुढच्या तीन-चार दशकांत नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या आल्या. गिरणीच्या भोंग्याने घर आणि काम यांची फारकत केली. गिरणीत हात सापडून किंवा कापसाच्या तंतूंनी छाती भरून माणूस घरी बसला तर त्याच्याजवळ राहणाऱ्या बाईची मजुरी बुडे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने जखमी कामगाराला रक्कम मिळू लागली, पण ती एकरकमी होती आणि कर्जातच जिरून जाई. त्यात गिरण्यांचाही भरवसा नव्हता. जुनी गिरणी १९४९ मध्ये बंद पडली, १९५० च्या आरंभी केंद्र सरकारने तिचे व्यवस्थापन हाती घेतले, आणि त्यावरचे खटले सर्वोच्च न्यायालयात गेले. मालमत्तेच्या हक्काविषयीचे निवाडे म्हणून वकिलीचे विद्यार्थी ते अजूनही वाचतात.

१९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा हा या इतिहासातला महत्त्वाचा टप्पा. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर मजुरीच्या सुमारे नव्वद टक्के रक्कम दरमहा, ही त्यातली तरतूद बहुतेक कामगारांना माहीत असते. कलम ५६ कडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वैद्यकीय लाभ दवाखान्यात, रुग्णालयात किंवा विमाधारकाच्या घरी भेट देऊनही देता येईल, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. अवलंबून असलेले आईवडीलही कुटुंबाच्या व्याख्येत बसतात. म्हणजे घरपोच उपचाराची कायदेशीर चौकट स्वातंत्र्यानंतर लगेचच तयार होती. पण त्या कलमातली भेट डॉक्टरची होती. अंग पुसणारी, भरवणारी, रात्री जागणारी व्यक्ती त्यात कुठेच नव्हती. पुढे यंत्रणेचा सारा भर दवाखान्यांवर आणि रुग्णालयांवर राहिला. लहान यंत्रमागांवरचे बहुतेक कामगार तर विम्याच्या कक्षेबाहेरच राहिले, कारण पटावरची कामगारसंख्या कमी.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्वभागातल्या शुश्रूषेचा खरा आधार होती ती विडी. नवरा गिरणीत किंवा मागावर आणि बायको घरी विड्या वळते, ही इथल्या हजारो कुटुंबांची घडी होती. बाई सकाळी कारखान्यात जाऊन आदल्या दिवशीच्या विड्या मोजून देते, तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा घेऊन परत येते, पाने भिजवते, कात्रीने कापते आणि सूप मांडीवर घेऊन वळायला बसते. दिवसाला हजार विड्या हे पूर्ण दिवसाचे काम. मजुरी हजारावर मिळते, तासावर नाही. शुश्रूषेच्या दृष्टीने हा तपशील फार महत्त्वाचा आहे. सासूला उठवून मोरीकडे नेण्यासाठी बाईला कुणाची परवानगी लागत नसे, पण तो वेळ विड्यांच्या मोजणीतून वजा होई. ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असे, तिथे संध्याकाळी हजाराच्या जागी सातशे-आठशेच विड्या होत आणि उरलेल्या रात्री दिव्याखाली पुऱ्या कराव्या लागत. शुश्रूषेची किंमत अशी चुकती होत होती, फक्त तिचा हिशेब कोणी मांडला नाही.

विडी आणि सिगार कामगार कायदा १९६६ चा. घरी कच्चा माल नेऊन विड्या वळणारी बाईसुद्धा कामगारच आहे, असे त्याने ठरवले. त्याविरुद्ध मालक न्यायालयात गेले आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधी आला, त्यातून दवाखाने चालू झाले आणि मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. १९७७ पासून भविष्यनिर्वाह निधीही लागू झाला. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, २०१७ मध्ये, निधीला पैसा पुरवणारा उपकर रद्द झाला. हे सगळे हक्क बाईला विडी कामगार म्हणून मिळाले. तिच्या दिवसाचा दुसरा भाग, म्हणजे म्हाताऱ्यांची सेवा, कायद्याने विचारात घेतला नाही.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली होती. यंत्रमाग आधी घराघरांत, गल्लीबोळांत खडखडत होते, मग हळूहळू अक्कलकोट रस्त्यावरच्या शेडमध्ये गेले. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले, पण या मालाच्या उत्पादनाची जागा तोवर घराबाहेर गेली होती. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लक्ष्मी-विष्णू गिरणीही बंद पडली. यंत्रमागावर बारा तासांची पाळी रूढ आहे. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत बायकाही दिवसभर शेडमध्ये असतात. विडीची मागणी घटत गेली तशा विडी सोडून शिलाईकडे वळलेल्या तरुण सुनांची संख्या वाढली. मागाच्या खोलीत आता माग नाही. खाट तिथेच आहे, पण शेजारी कोणी बसलेले नाही. मुले शिकून पुण्याला, हैदराबादला गेली आहेत, म्हणून पैसे पाठवणारा एकीकडे आणि पाहणारा दुसरीकडे, अशीही घरे आहेत.

याच काळात रुग्णालयातून घरी परतणाऱ्या आजाऱ्यांचे स्वरूपही बदलले. १९६३ मध्ये सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सिव्हिल हॉस्पिटल, सहकारी तत्त्वावरचे अश्विनी रुग्णालय आणि खासगी इस्पितळे यांत अतिदक्षता विभाग आले. पूर्वी पक्षाघाताने चार-सहा दिवसांत जाणारा रुग्ण आता वाचतो, पण नाकातली नळी, लघवीची पिशवी आणि निम्मे लुळे अंग घेऊन घरी येतो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीतून पातळ अन्न देणे, एअर बेडमध्ये हवा आहे ना हे बघणे, ही कामे शिकल्याशिवाय जमत नाहीत. ज्या घरांना परवडले त्यांनी वॉर्डातल्या आयाबाईलाच विचारले, की ड्यूटी संपल्यावर घरी येशील का? सोलापुरात घरगुती शुश्रूषेचा धंदा बहुधा असाच सुरू झाला. वॉर्डातली ओळख, मग तिच्या ओळखीची दुसरी बाई, मग बायकांचे नंबर वहीत लिहून ठेवणारा कोणीतरी. त्या वहीचा पुढे ब्युरो झाला.

ब्युरोची रीत सगळीकडे साधारण सारखी आहे. घरचे लोक फोन करून पेशंट बाई की पुरुष, चालता की अंथरुणावर, नळी आहे का, वजन किती हे सांगतात. ब्युरो नोंदणीची रक्कम घेतो आणि मावशी, म्हणजे शुश्रूषा करणारी बाई, पाठवतो. पुरुष रुग्णासाठी मामा येतो. इंजेक्शन, ड्रेसिंग, नळी बदलणे यांसाठी जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम केलेली सिस्टर लागते आणि तिचा दर वेगळा असतो. बाकी सगळे मावशी करते. मजुरीतला एक भाग ब्युरोचा. मावशी सुट्टीवर गेली तर बदली देण्याची जबाबदारीही त्याचीच, आणि भांडणे बहुतेक याच मुद्द्यावर होतात. ड्यूटी बारा तासांची किंवा चोवीस तासांची. सरकारी रुग्णालयात परिचारिकेच्या तीन पाळ्या असतात, घरी मात्र दोनच. यंत्रमागाच्या गावात लोकांना बारा तासांच्या पाळीचे काही वाटत नाही, हे त्यामागचे एक कारण असावे.

घरात पाऊल ठेवल्यावर मावशीपुढे वेगळे प्रश्न उभे राहतात. रात्री पाठ टेकायला जागा कोणती, जेवण घरचे की डबा आणायचा, पेशंटचे कपडे धुवायचे ते ठीक, पण घराची धुणीभांडीही करायची का? घरच्यांच्या मनात चोरीची धास्ती असते, म्हणून आधार कार्ड आणि पोलिस पडताळणी मागितली जाते. भाषा हा सोलापूरचा खास मुद्दा. म्हातारपणी, विशेषतः स्मृतिभ्रंश झाल्यावर, उशिरा शिकलेली भाषा आधी निसटते. जन्मभर बाजारात मराठी बोललेली आजी शेवटी तेलुगूतच पाणी मागते. म्हणून पूर्वभागातल्या घरात तेलुगू जाणणारी मावशी मागितली जाते, अक्कलकोटकडच्या घरात कन्नड जाणणारी. मावश्या त्याच वस्त्यांतून येतात. कोणाची विडी सुटलेली, कोणाचा नवरा गेलेला. दुसऱ्याच्या आईपाशी बारा तास बसणाऱ्या बाईच्या स्वतःच्या सासूपाशी त्या वेळी शेजारीण असते किंवा शाळेतून आलेली नात.

पैशांचे गणित कामगार घरांना जमणारे नाही. निवृत्त गिरणी किंवा विडी कामगाराला १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतून मिळणारी किमान रक्कम २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे. १९८० पासून चालू असलेल्या संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान वेळोवेळी वाढले, तरी दोन्ही रकमा एकत्र केल्या तरी बारा तासांची मावशी महिनाभर ठेवता येत नाही. आयकरात अपंग अवलंबिताच्या शुश्रूषेवरील खर्चासाठी वजावट मिळते, पण आयकर भरणाऱ्यालाच. त्यामुळे मावशी ही डॉक्टर, व्यापारी, प्राध्यापक आणि बाहेरगावी नोकरी करणारी मुले यांच्या घरांपुरती राहिली. बाकीच्या घरांत शेजार हाच ब्युरो आहे.

हा शेजार नव्याने बांधण्याचा मोठा प्रयोग कुंभारीला झाला. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालच्या चळवळीतून कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची १०,००० घरे उभी राहिली, आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती सुपूर्द झाली. पाठोपाठ असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प आला. त्यातली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. घर बाईच्या नावावर झाले की सुनेच्या घरात राहणाऱ्या सासूऐवजी स्वतःच्या घरात राहणारी म्हातारी तयार होते, आणि सांभाळण्याच्या बोलण्यात तिचा आवाज चढतो. याचा दुसरा पैलू असा की, गोदूताई वसाहतीतली बैठी घरे उंबऱ्यावर बसून विड्या वळायला आणि म्हाताऱ्यांवर नजर ठेवायला सोयीची आहेत, तर रे नगरच्या मजली इमारतींत जिन्याने गुडघे धरतात. शहरातले मोठे दवाखानेही लांब पडतात.

कायद्याने या कामाकडे तुकड्यातुकड्यांनी पाहिले. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा इमारतीला लागू होतो. १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा नोंदणीकृत परिचारिकेला लागू होतो, मावशीला नाही. २००८ च्या घरेलू कामगार कल्याण मंडळ कायद्यात ती बसू शकते, पण घरकामगार म्हणून. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी आणि स्वमग्नता असलेल्यांसाठी सहयोगी ही काळजीवाहक प्रशिक्षणाची योजना आली. कौशल्य विकासाच्या लाटेत गृहआरोग्य सहायकाचा अभ्यासक्रम तयार झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांना काळजीवाहक भत्ता देण्याचा उल्लेख आहे, पण सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. केरळने घरी सेवा करणाऱ्या नातलगांना आश्वासकिरणम् योजनेतून २०१० पासून मासिक मदत सुरू केली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले, त्यात गृहभेटींना स्थान आहे. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा आणला, आणि त्यातून घरी येणाऱ्या मदतनिसाच्या खर्चाला हातभार लागतो. कर्मचारी राज्य विम्याच्या कलम ५६ ची कल्पना तिथपर्यंत ताणता आली असती, पण तसा प्रयत्न झाला नाही.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. मुलांकडून दरमहा कमाल १०,००० रुपये निर्वाहखर्च मिळवून देण्याची तरतूद त्यात आहे. घरी सेवा कोणी द्यावी, कशी द्यावी यावर तो गप्प आहे. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न होता. घरी शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी, त्यांच्या सेवकांचे प्रशिक्षण आणि पोलिस पडताळणी त्यात प्रथमच येत होती, आणि निर्वाहखर्चाची कमाल मर्यादाही उठणार होती. विधेयक स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, पण ते मंजूर झाले नाही. २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेची मुदत संपली, तेव्हा ते व्यपगत झाले.